आतून लावायची कडी

आचार्य निद्रानंद सत्तर वर्षांचे आहेत आणि मी सव्वीसचा. तरी आम्ही दोघं एकच. मोबाईलमध्ये माणसाला म्हातारं करणारं ॲप असतं, त्यात माझा फोटो टाकला, धम्मदीपनं वरून पांढरी दाढी आणि भगवी शाल चढवली, आणि आचार्य जन्माला आले ते थेट सत्तराव्या वर्षी, दातांसकट. त्यातला वरचा एक दात अर्धा तुटका आहे. तो मी सहावीत असताना हापशाच्या दांड्यावर आपटून तोडला होता. ॲपनं सगळं बदललं, दात तेवढा ठेवला.

धम्मदीप कारेगावचा, मी निमोण्याचा. रांजणगावच्या एका कंपनीत आम्ही एकाच लाईनवर होतो, प्लास्टिकच्या झाकणांच्या कडा घासायला. झाकणं घासताना डोक्याला काम नसतं, म्हणून डोकं स्वतःच काम शोधतं. मागच्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत धम्मदीपनं मला एक लेख वाचून दाखवला. स्वप्नात घर दिसलं तर ते घर म्हणजे आपलं मन. स्वयंपाकघर म्हणजे माया, पोटमाळा म्हणजे जुन्या आठवणी, तळघर म्हणजे दडपून ठेवलेल्या इच्छा.

"तळघर कुणाकडं हाय?" मी विचारलं.

"मग निमोण्याची मान्सं कुठं दडपत्यात?"

"कांदाचाळीत. तिथं हवा तरी लागती. सडत न्हाई."

तिथून चॅनल सुरू झालं. स्वप्नात कांदाचाळ दिसली तर मनात साठवलेलं बोलून टाकावं, भाव पडायच्या आत. मोरी दिसली तर पाहुणा येणार आणि जाणार नाही. गोठा दिसला तर नोकरीत बढती. एकेक खोली घ्यायची, चाळीस सेकंद बोलायचं, मागे तानपुरा. बोलायचा धम्मदीप, घसा खरवडून. बंद खोलीला मात्र काही केल्या सुचेना. कंपनीची बस हॉर्न देत होती. मी घाईत लिहिलं, "स्वप्नात बंद खोली दिसली व आतून दार वाजले, तर लक्ष्मी दारात थांबली आहे असे समजावे. घरातली अडलेली खोली रिकामी करून द्यावी."

हे लिहायला मला बस सुटण्याएवढा वेळ लागला. पुढचं सगळं व्हायला दहा महिने.

आमच्या आईला, गिताबाईला, स्वप्नं फार पडतात. त्यावर तिची एक रीत होती. वाईट स्वप्न पडलं की सकाळी कुठल्याही माणसाशी बोलायच्या आधी मोरीत जायचं, तांब्याभर पाणी ओतायचं आणि वाहत्या पाण्याला स्वप्न सांगून टाकायचं. पाणी ते घेऊन जातं. आमच्या मोरीचं पाणी परसातल्या केळीला जातं. आईची तीस वर्षांची वाईट स्वप्नं पिऊन त्या केळीला घड मात्र बरे यायचे.

मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर आचार्य आले आणि मोरीचं काम गेलं.

"काय माया हाय बघ डोळ्यात," आई फोन हातभर लांब धरून म्हणाली. मी समोर बसून चहात खारी बुडवत होतो. "न्हाईतर तुझं डोळं. कायम चोरी केल्यावानी."

डोळे तेच होते. दातही तोच. तो तुटला तेव्हा पदर तोंडाला लावून मला शिरूरला दवाखान्यात नेणारी बाईही हीच. मला हसू येत होतं, ते मी खारीबरोबर गिळलं.

शितलताई भाऊबीजेला दौंडहून आली आणि परत गेली नाही. पंधरा दिवस कुणी विचारलं नाही. मग शेजारणींनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, दात दुखतोय, शिरूरला डॉक्टरकडं चालू हाय. पुढच्या महिन्यात आईनं ताईची दाढ काढली, मग हिरड्या सुजवल्या, मग दुसऱ्या बाजूची दाढ. संक्रांतीपर्यंत ताईच्या तोंडात फारसं काही शिल्लक राहिलं नव्हतं. मग लोकांनीच विचारणं सोडलं.

खरं कारण ताईनं घरात एकदाच सांगितलं होतं, मेथी निवडताना. दाजींना राग आला की ते तिला संडासात घालायचे आणि बाहेरून कडी लावायचे. कधी तासभर, कधी दुकान बंद करून परत येईपर्यंत. दाजींचं नाव माऊली. यावर मी काही बोलणार नाही.

"संडासाला भाईरनं कडी कशाला लागती?" मी विचारलं होतं.

"समद्यांच्याच असती," आई म्हणाली. "कुत्री शिरत्यात."

आप्पा, म्हणजे आमचे वडील हौशीराम, म्हणाले, "हूं." आप्पांचा हूं होकाराचाही असतो आणि नकाराचाही, आणि बहुतेक वेळा तो जेवण झाल्याचा असतो.

ताईनं उत्तरेकडची खोली घेतली. ती खोली म्हणजे खताची पोती, दोन फवारणीचे पंप आणि एक मेलेला कूलर. तिनं ते सगळं बाहेर काढलं, चुना मारला, शिलाई मशीन मांडलं आणि गावातले ब्लाऊज शिवायला घेतले. पण चुन्याच्याही आधी तिनं सुतार बोलावून दाराला आतून कडी बसवून घेतली.

"भाईरनं बी बसवू का?" सुतार म्हणाला. "येकाच खेपंत व्हईल."

"भाईरची हाय ती काढ," ताई म्हणाली.

सुतारानं काढली. त्यानं आयुष्यात लोकांच्या कड्या बसवल्या होत्या, काढायला त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो जाताना दाराकडे दोनदा वळून बघत गेला.

पुढे ताई दिवसातून चार-पाचदा आत जाऊन कडी लावायची आणि उघडायची. कपडे बदलायला नाही, झोपायला नाही. नुसतीच. खट्. मग जरा वेळानं पुन्हा खट्. आई म्हणायची, घरातल्या घरात कसली कडी. मी म्हणायचो, ताई हजेरी लावतीय. ताई हसायची. त्या घरात माझ्या विनोदाला हसणारं ते एकच माणूस होतं.

जानेवारीत माझं लग्न जमायला आलं. मुलगी तेजश्री, मांडवगण फराट्याची. बघायला गेलो तेव्हा आम्हाला बोलायला दहा मिनिटं दिली होती. तिनं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" मला काहीच आठवेना. मी म्हणालो, "झाकणं." ती हसली, म्हणजे खरोखर, तोंडावर हात न ठेवता. तेवढ्यावर मला ती पाहिजे झाली. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

मग तिचे तात्याबामामा घर बघायला आले. त्यांनी घर बैल बघावा तसं बघितलं, चारी बाजूंनी, मध्ये थाप मारून.

"ह्यो हाल. ही तुमची खोली, पावनं. नवरानवरी कुठं?"

"हालमधी पडदा लावू की," आई म्हणाली.

तात्याबामामांनी पडद्याचा विचार केला. त्यांचा चेहरा हळूहळू पडद्यासारखा झाला. मग त्यांनी उत्तरेच्या दाराकडे बोट केलं. आत मशीन चालू होतं.

"ही?"

"तिथं आमची शितल हाय. दाताचं चालू हाय तिचं."

"दात मशीनवर शिवत्यात व्हय?"

कुणी हसलं नाही. एरवी मी हसलो असतो.

"आठ दिवसांत कळवतो," ते म्हणाले. "आमचं काय न्हाई. पोरीला दार असावं येवढंच."

पाचव्या दिवशी सकाळी आई उठली आणि मोरीत न जाता फोन घेऊन स्वयंपाकघरात बसली. ताई परातीत कणीक मळत होती. आप्पा चहा पीत होते.

"सपान पडलं," आई म्हणाली. "बंद खोली हाय. आतनं कोन तरी दार वाजवतंय. मी कडी चाचपतीय तर कडीच घावंना. ते आपलं वाजतंय, वाजतंय."

ताईचे हात थांबले. "कोन व्हतं आत?"

"दार बंद हाय म्हनल्यावर दिसंल व्हय?"

"आवाज तरी कुनाचा?"

"बाईचा," आई म्हणाली. आणि तिनं आचार्य लावले.

तानपुरा वाजला. माझं सत्तर वर्षांचं तोंड धम्मदीपच्या घशानं बोललं. लक्ष्मी दारात थांबली आहे असे समजावे. घरातली अडलेली खोली रिकामी करून द्यावी. आईनं ते दोनदा ऐकलं, फोन कपाळाला लावला आणि पदरानं पुसून खाली ठेवला.

"आता मी काय बोलले का?" ती म्हणाली. "वरनंच आलंय."

ताईनं पुन्हा कणीक मळायला घेतली.

"आई, ते मी लिवलंय," मी म्हणालो.

"काय?"

"हे समदं. आचार्य मीच हाय." मी ॲप उघडलं, तिच्यासमोर स्वतःचा फोटो काढला आणि तिच्यासमोरच म्हातारा झालो. "हे बघ. ह्यो दात बघ."

आईनं माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"त्यांच्यावानी दात हाय तर जरा त्यांच्यावानी वाग," ती म्हणाली. "आन् अशा मान्सांची नक्कल करू नी. जीभ झडती."

"धम्मदीपला फोन लावू? आवाज त्याचा हाय."

"लाव की. आजकाल कुनाचाबी आवाज निघतोय."

"आप्पा, तुम्ही तरी सांगा."

"हूं," आप्पा म्हणाले आणि कप ठेवला.

"आई, ह्या सपनाला आचार्य कशाला पायजे? आत दार वाजवणारी बाई कोन हाय ते तुला..."

"तुला लगीन करायचंय का न्हाई?" आईनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती.

मला वाक्य पूर्ण करायचं होतं. मी ते तिथंच सोडलं आणि बस पकडायला गेलो.

धम्मदीपनं सगळं ऐकून घेतलं. हातातलं झाकण घासून संपवलं, बाजूला ठेवलं.

"तुझी आई तुझं ऐकत न्हाई," तो म्हणाला. "आचार्याचं ऐकती. मग आचार्यालाच सांगू दे."

पार्किंगमध्ये, त्याच्या गाडीवर बसून मी लिहिलं, "बंद खोलीतून दार वाजत असेल, तर आत आपलीच लेक आहे असे समजावे. तिला बाहेर काढावे. घरातली एक खोली कायमची तिला द्यावी. लक्ष्मी म्हणतात ती हीच." धम्मदीप एकाच दमात बोलला. एरवी आम्हाला आठ-दहा वेळा घ्यावं लागायचं, मध्ये हसू फुटायचं म्हणून. त्या दिवशी पहिल्याच वेळेला झालं. त्यानं फाईल पाठवली.

"घरी गेल्या गेल्या टाक," तो म्हणाला. "तुझ्याच फोनवरनं जातं."

घरी पोचलो तर तात्याबामामांचा फोन येऊन गेला होता. खोली असेल तर होकार. नसेल तर न्हावऱ्याचं एक स्थळ थांबलंय. आणि माझ्या फोनवर तेजश्रीचा पहिला मेसेज आला होता. शब्द एकही नाही. स्टीलच्या डब्याच्या झाकणाचा फोटो होता, घासून लख्ख केलेलं, त्यात फोन धरलेला तिचा हात दिसत होता.

व्हिडिओ तयार होता. एक बटण दाबायचं होतं. मी त्यावर अंगठा नेला. भिंतीपलीकडून आवाज आला, खट्. मी अंगठा काढला. जरा वेळानं पुन्हा नेला. मग फोन चार्जिंगला लावला. बॅटरी सत्तर टक्के होती.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपनं विचारलं, "टाकला?"

"रेंज नव्हती."

"निमोण्यात?"

"निमोण्यात."

त्या आठवड्यात त्यानं सुपरवायझरला सांगून लाईन बदलून घेतली. आता तो बाटल्यांवर आहे आणि मी झाकणांवर.

आईनं दाजींना फोन लावला. "पाठवा की," दाजी म्हणाले, "मी कुठं नको म्हनलो?" आई आमच्याकडे बघून म्हणाली, "बघा, किती गोड बोलतोय." तिनं ताईची ओटी भरली, हिरवी साडी दिली, लाडवांचा डबा बांधला. हे सगळं करताना तिनं आचार्यांचं नाव घेतलं, देवाचं घेतलं, माझ्या लग्नाचं घेतलं, कुलदेवीचं घेतलं. ताईचं घेतलं नाही.

आमच्या रानातली शेवंतीची फुलं मार्केटला न्यायच्या पिकअपमधून मी तिला सोडायला निघालो. मी मशीन उचलायला गेलो तर ती म्हणाली, "राहू दे. तिथं कुठं ठेवू?" मग म्हणाली, "थांब जरा, पिशवी राहिली." ती उत्तरेच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आत राहिली. मी हॉर्न दिला. हॉर्न दिला हे मला आठवतं.

दौंडच्या अलीकडे भीमेचा पूल लागला. पुलावर ताई म्हणाली, "सुद्या, आचार्य तू हायेस ना?"

"कवा कळलं?"

"पैल्याच दिवशी. दात."

"मग बोलली न्हाईस ती?"

"दौंडला आत असले की बघायचे मी. फोन हातात असला तर. कांदाचाळीचं लई भारी व्हतं. तोंड दाबून हसायचे." ती खाली पाण्याकडे बघत होती. "आता बी आठ दिस रोज बघत व्हते. म्हनलं, तू काय तरी टाकशील."

पूल लांब आहे, पण एवढाही नाही.

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

"व्हय," ताई म्हणाली. "निमोण्यात रेंजचा लई तरास."

दाजी दारातच उभे होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, लग्नाबद्दल अभिनंदन केलं, चहाशिवाय जायचं नाही म्हणाले. चहा चांगला होता, आलं घातलेला. निघताना मी संडासला जाऊन आलो. बाहेरून कडी होती, तेल पाजलेली. आतून दोन खिळे आणि त्यांना सुतळी. मी हात धुतले, दाजींना म्हणालो, येतो, आणि आलो.

लग्न फेब्रुवारीत झालं. उत्तरेची खोली आमच्याच रानातल्या शेवंतीच्या फुलांनी सजवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्री दारापाशी उभी राहून बोटानं लाकूड चाचपत होती. आतल्या बाजूला चार भोकं होती, स्क्रूची.

"इथं काय होतं?"

"कडी."

"कुठं गेली?"

"दौंडला," मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटलं मी हसवायला बोललो. मग तिनं अंघोळीच्या साबणाचा तुकडा घेऊन चारी भोकं बुजवली, वरून बोट फिरवलं. लांबून बघितलं तर काही कळत नाही.

लग्नानंतर पंधराव्या दिवशी आई सकाळी फोन घेऊन बसली. चेहरा उतरलेला.

"परत तेच सपान," ती म्हणाली. "खोली दिली, लक्ष्मी आली, तरी आतनं वाजतंय. आता काय ऱ्हायलं?" तिनं व्हिडिओखाली एका बोटानं प्रश्न लिहिला, आचार्य मार्गदर्शन करा, आणि चार वेळा हात जोडले.

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. फाईल फोनमध्येच होती. मी ती टाकली. पाच सेकंदही लागले नाहीत, रेंज पूर्ण होती.

आईच्या फोनवर घंटी वाजली. तिनं घाईनं चष्मा लावला. तानपुरा, मग धम्मदीपचा घसा, यावेळी जरा भरलेला. आत आपलीच लेक आहे असे समजावे. तिला बाहेर काढावे. आई ऐकत होती. तिचा हात पदराकडे गेला आणि मध्येच राहिला. मला वाटलं आता ती बोलेल. तिनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि फोन उपडा ठेवला.

"हे ते न्हवं," ती म्हणाली.

"कोन न्हवं?"

"आचार्य. ह्ये डोळं बघ ह्याचं, कसं चोरावानी हायेत. कुनी तरी हॅक केलंय त्यांना." तिनं आप्पांना दाखवलं. "हो का न्हाई?"

"हूं," आप्पा म्हणाले.

दुपारपर्यंत आईनं भजनी मंडळाच्या सगळ्या बायकांना रिपोर्ट करायला लावलं. कसं करायचं ते तेजश्रीनं शिकवलं, नवी सून म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. दिवेलागणीला चॅनल बंद झालं. आचार्य निद्रानंद सत्तराव्या वर्षी वारले, त्यांच्याच आईच्या हातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आई मोरीत होती. कितीतरी महिन्यांनंतर पहिल्यांदा. तांब्याभर पाणी ओतून ती वाकून पाण्याशी बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण नाव मात्र आलं, दोनदा. शितल.

पाणी परसात गेलं. केळ तिथं नव्हती, ती आप्पांनी लग्नाच्या मांडवाच्या दारात लावायला कापली होती. पाणी आळ्यात आलं, थोडं इकडेतिकडे गेलं आणि तिथंच थांबून राहिलं.